कीर्तनानं बॅटरी उतरत नाही

कीर्तन ऐकल्यानं पुण्य किती लागतं हे मला ठाऊक नाही, ते खातं वरच्याकडे. पण कीर्तन ऐकल्यानं मोटारीची बॅटरी उतरते, हा शोध मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागला आणि तो लावला खुद्द माझ्या नवऱ्यानं. तेही चार माणसांत.

रविवारची सकाळ होती. भाजी घ्यायची आणि तसंच देवळात जायचं म्हणून आम्ही दोघं खाली उतरलो. ह्यांनी गाडीत बसून चावी फिरवली. पुढून टिक टिक टिक असा बारीक आवाज आला आणि मग तोही थांबला. पुन्हा फिरवली. काही नाही. ह्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

"बसली! परत बसली!"

पहिल्या मजल्यावरचा राजेश शेजारीच आपली गाडी पुसत होता. फडकं खांद्यावर टाकून आला. "काय काका, परत? आत्ता दिवाळीनंतर बदललीत ना बॅटरी?"

"दिवाळीनंतर बदलली. त्याच्या आधी गणपतीत बदलली," हे म्हणाले, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. "टिकणार कशी? रोज दुपारी गाडी बंद आणि आत कीर्तन चालू."

"म्हणजे बुवांनी बॅटरी प्यायली म्हणा ना काकू!" राजेश म्हणाला.

वॉचमन हसला. बी विंगच्या दोघीजणी दुधाच्या पिशव्या घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून हसल्या. माझा नवरासुद्धा हसला, आणि हसता हसता त्यांनी हात पुढे केला. "वनमाला, तुझ्याकडची चावी दे बघू. आता पुरे."

मी पर्समधून चावी काढून दिली. काय करणार? चार माणसांत नवऱ्याशी भांडायचं वळण माझ्या आईनं मला लावलं नाही. पण पायऱ्या चढताना माझे कान तापले होते. मला हसले याचं मला काही नाही. माझ्या कीर्तनाला हसले.

गाडीत बसून कीर्तन ऐकायची वेळ माझ्यावर का आली, तेही सांगते. आमच्या घरात खोल्या दोन आणि एक हॉल. एका खोलीत आमचा श्रेयस ऑफिसच्या मीटिंगा करत असतो. झांजेचा एक ठोका पडला की आतून हाक येते, "आई, म्यूट!" दुसऱ्या खोलीत सूनबाई रेवती मुलांना कॉम्प्युटरवरून गणित शिकवते. हॉल ह्यांचा आणि टीव्हीचा. श्रेयसनं मला कानात घालायची ती दोन बोंडं आणून दिली होती. पण कानात बोंडं कोंबून कीर्तन ऐकायचं म्हणजे प्रसाद इंजेक्शननं टोचून घेण्यासारखं आहे. कीर्तनाला हवा लागते. टाळी वाजवायला जागा लागते. बुवांनी जयजयकार केला की आपल्याला मोठ्यानं ओ द्यावी लागते.

म्हणून जेवणं आटोपली की मी थर्मासमध्ये चहा घेऊन खाली जायची. आमची गाडी कंपाउंडच्या भिंतीलगत, बदामाच्या झाडाखाली उभी असते. काचा बोटभर खाली करायच्या, चावी पहिल्या घरापर्यंत, नुसती टेप लागेल इतकीच फिरवायची, पेनड्राइव्ह लावायचा. नमन झालं, पूर्वरंगातलं निरूपण झालं, मध्यंतरात बुक्का लावल्यासारखं मी आपलं कपाळाला बोट लावून घ्यायची, आणि उत्तररंगात आख्यान सुरू झालं की मला रडायला यायचं. आख्यान ऐकताना मला नेहमीच रडू येतं. घरात रडले की लगेच तिघं विचारतात काय झालं. गाडीत कुणी विचारत नाही. ती दुपार गेली, तर माझ्यापाशी दिवसभरात माझं असं काही उरत नव्हतं.

आता संतापाची दुसरी गोष्ट. बॅटरी म्हणजे काय हे या घरात कुणाला ठाऊक असेल तर ते मला आहे. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. माझ्या कमरेएवढ्या बॅटऱ्यांच्या रांगा मी सांभाळल्या. अॅसिडच्या थेंबांनी साड्यांना जाळी पडली. वीज गेली तरी अख्ख्या भागाचे फोन त्या बॅटऱ्यांवर चालायचे. हे विमा कंपनीत क्लेम तपासायचे. पण आमच्या घरात गाडी हे ह्यांचं खातं, तिथे मला कुणी विचारायचं नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशी माझं ज्ञानही निवृत्त झालं, असा ह्यांचा समज असावा.

त्या रविवारी जेवताना मी विषय काढला. "अहो, ती टेप फार तर दीड अँपिअर ओढते. बॅटरी पस्तीसची. दोन तास ऐकलं तर तीन गेले. बाकीचे बत्तीस कुणी खाल्ले?"

"थेंबे थेंबे तळं रिकामं होतं," हे आमटी भुरकत म्हणाले.

"गाडी चालली की ते तळं परत भरायला नको?"

"भरतं ना."

"भरतं तर रिकामं का?"

"तू उपसतेस म्हणून! बाबा रे श्रेयस, सांग तुझ्या आईला."

श्रेयस फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, जाऊ दे ना. मी तुला ब्लूटूथ स्पीकर आणून देतो."

"तो वाजला की तूच म्यूट म्हणशील," मी म्हटलं. रेवती खाली मान घालून हसली.

आणि मला सांगा, तो राजेश रोज संध्याकाळी गाडीत एसी लावून बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर शेअर बाजाराच्या गप्पा मारतो. बी विंगमधली पोरं गाडीचे दरवाजे उघडे टाकून धाड धाड गाणी लावतात. त्यांच्या बॅटऱ्या उतरत नाहीत. बॅटरीला काय अभंग कळतात? तिला फक्त अँपिअर कळतात. पण हे बोलून उपयोग नव्हता. चावी ह्यांच्या कपाटात गेली होती.

बॅटरी काशीराम घेऊन गेला. त्याचं नाहूरला बॅटऱ्यांचं दुकान आहे. आमच्या दोन्ही नव्या बॅटऱ्या त्याच्याकडच्याच. पण माझी त्याची ओळख दुकानातली नाही, देवळातली. गुरुवारच्या कीर्तनाला तो बुवांच्या मागे झांज घेऊन उभा असतो. ताल असा पक्का, की तबलजी चुकेल पण काशीराम चुकणार नाही. प्रसादाचा शिराही पुष्कळदा त्याच्याकडूनच असतो. बॅटरी चार्ज करून परत आणली तेव्हा मला वाकून नमस्कार केला त्यानं आणि म्हणाला, "माउली, बंद गाडीत टेप लावायची नाही. बॅटरी मरते."

माझा टाळकरीच असं म्हणाल्यावर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

पुढचा आठवडा गाडीत कीर्तन झालं नाही. एकदाही नाही. मी दुपारी आडवी पडून पंख्याकडे बघत राहायची. मग घाटकोपरला माझ्या भाचीचा, सईचा साखरपुडा होता. जाताना गाडी नीट गेली. निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. हायवेवर ह्यांनी दिवे लावले, उकडतंय म्हणून एसी लावला, आणि आपली आवडती जुनी गाणी लावली. मी शेजारी, मांडीवर साखरपुड्याचा पेढ्यांचा पुडा.

विक्रोळी मागे पडली तसा समोरच्या रस्त्यावरचा आमचा उजेड पिवळा वाटायला लागला. कांजूरला इंडिकेटर लावला तर तो दम लागल्यासारखा थांबून थांबून टिकटिकायला लागला. गाणं मधेच तुटलं. ह्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन जोरात फिरलं पण दिवे वाढले नाहीत. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि माझ्या अंगातून बॅटरी रूममधला जुना करंट गेला.

"अहो, बॅटरी भरत नाहीये."

"काय?"

"इंजिन फिरतंय आणि बॅटरी उतरतेय. चालत्या गाडीत! डायनामो वीज देत नाहीये."

"आता तू मेकॅनिक हो," हे म्हणाले. स्टिअरिंग जड झालं होतं, दोन्ही हातांनी ओढत होते. तरी समोर मीटरकडे बघून हात जोडायचे राहिले नाहीत. "घाबरू नकोस. बाप्पा आहे. बघ, कसं तेज आलंय."

मीटरच्या काचेवर एका कोपऱ्यात गणपतीचं सोनेरी स्टिकर होतं. अंगठ्याएवढं. काशीरामनं पहिली बॅटरी बसवली तेव्हा आपल्या हातानं चिकटवून दिलेलं, प्रत्येक बॅटरीवर बाप्पा मोफत. अंधार पडला की त्या गणपतीच्या कडेनं बारीक लालसर प्रभा दिसायची. हे कौतुकानं पाहुण्यांना दाखवायचे. मीही बघितली होती एकदोनदा, मागच्या सीटवरून, आणि मीही हात जोडले होते.

त्या संध्याकाळी मात्र बाकीचं सगळं मालवत चाललं होतं आणि बाप्पाच्या मागची ती लाल कड तेवढी लख्ख होती. मी बघत राहिले.

भांडुपच्या पुढे सर्व्हिस रोडला गाडी एक आचका देऊन उभी राहिली. ह्यांनी काशीरामला फोन केला. तो स्कूटरवर पायांमध्ये बॅटरी ठेवून आला, मोबाइलचा टॉर्च दातात धरून जुनी काढली, नवी बसवली. गाडी चालू झाली.

"माउली, सांगितलं होतं ना मी?" तो हसत म्हणाला.

"आठवडाभर टेपला हात लावलेला नाही मी, काशीराम."

"मग आधीचा मार असेल. एकदा बॅटरी दुखावली की दुखावली, साहेब." हे शेवटचं वाक्य ह्यांच्याकडे बघून. मग खिडकीतून आत वाकला, स्टिकरचं एक टोक जरा सुटलं होतं ते अंगठ्यानं घट्ट दाबलं, तोच अंगठा स्वतःच्या कपाळाला लावला, आणि जुनी बॅटरी स्कूटरवर ठेवून गेला.

डायनामो त्यानं तपासला नाही. मी तपास म्हणणार होते, तोवर स्कूटर गेलीसुद्धा.

मला झोप नीट लागली नाही. सकाळी हे फिरून आले तेव्हा मी तयार होते. एका हातात पूजेचं तबक, दुसऱ्या हातात माझा मल्टिमीटर. तो मी निवृत्तीच्या वेळी स्वतःसाठी घेतलेला आहे, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असतो.

"हे काय?"

"खाली चला. चावी घ्या."

खाली मी ह्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि चावी दुसऱ्या घरापर्यंत फिरवायला सांगितलं, इंजिन चालू न करता. मी रोज पहिल्या घरापर्यंतच फिरवायची, त्यामुळे हे दिवे मी कधी बघितलेच नव्हते. "आता समोर किती दिवे लागलेत ते बोला."

"हा ऑइलचा. हा इंजिनचा. हा हँडब्रेकचा. हा सीटबेल्टचा."

"बॅटरीचा कुठेय?"

ते शोधायला लागले. प्रत्येक गाडीत तो असतो, बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा. चावी फिरवली की लागायला हवा आणि इंजिन चालू झालं की विझायला हवा. विझला नाही तर समजायचं डायनामो काम करत नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातही चित्र होतं. ते मी पहाटेच बघून ठेवलं होतं. ह्यांचं बोट मीटरच्या काचेवरून फिरत फिरत बाप्पापाशी येऊन थांबलं.

"इथे तर..."

"हो. तिथेच."

"अगं, म्हणजे आता काय देवाला नखांनी खरवडणार तू?"

"मी? मी खरवडेन? उत्तरपूजा करणार आहे."

आणि मी केली. दरवाजा उघडून, बाहेरून आत वाकून, बाप्पाला हळदकुंकू वाहिलं, गूळ दाखवला, अक्षता टाकल्या आणि म्हटलं, देवा, ही जागा तुझी नाही. तुला इथे फसवून बसवलंय. घरी चल. राजेश ऑफिसला निघाला होता तो बॅग हातात धरून बघत उभा राहिला. मग कोमट पाण्याचा बोळा त्या स्टिकरवर धरून, एक कोपराही फाटू न देता, मी बाप्पाला हळूच सोडवून तबकात ठेवलं.

त्याच्या मागे बॅटरीचा दिवा होता. लाल.

"आता इंजिन चालू करा."

इंजिन चालू झालं. ऑइलचा दिवा विझला, इंजिनचा विझला. तो लाल दिवा तसाच पेटलेला राहिला.

मी बॉनेट उघडून मल्टिमीटर लावला आणि ह्यांना बोलावलं. "तुम्ही वाचा. नाहीतर म्हणाल मी माझ्या सोयीचं वाचते. इंजिन बंद असताना साडेबारा होतं. आता चालू असताना चौदाच्या आसपास पाहिजे."

ह्यांनी चष्मा सरकवला. "बारा पॉइंट दोन."

"दिवे लावा."

"अकरा पॉइंट आठ. अगं, हे तर कमीच होतंय."

"कमीच होणार. पट्टा बघा, घट्ट आहे, फिरतोय. डायनामो नुसता गोल फिरतोय, वीज देत नाही. आतले वीज उचलणारे कार्बनचे तुकडे झिजले असतील, टेकले तर टेकले, नाही तर नाही. तुमची नवी बॅटरी आणलीत की ती भरलेली असते म्हणून गाडी चालते. ती रिकामी झाली की तुम्ही दुसरी आणता. आणि बोल कुणाला? कीर्तनाला!"

माझा आवाज चढला होता. चढला तर चढला.

हे ड्रायव्हरच्या दारापाशी गेले आणि वाकून त्या लाल दिव्याकडे बघायला लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "गणपतीपासून मी या दिव्याला हात जोडतोय गं."

त्यांचा चेहरा असा झाला होता, की एरवी मला हसू आलं असतं किंवा मी त्यांच्या पाठीवरून हात तरी फिरवला असता. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो अंगठा होता. स्टिकरचं सुटलेलं टोक दाबणारा आणि मग कपाळाला लागणारा. त्या अंगठ्याला ठाऊक होतं तो काय झाकतोय ते.

"नाहूरला चला," मी म्हटलं.

दुकानात काशीराम उदबत्ती लावत होता. "या माउली, या साहेब! चहा सांगू?"

मी खुर्चीवर बसले नाही. दुकानाच्या मागच्या फळीवर चार्ज करून ठेवलेल्या बॅटऱ्या होत्या. त्यातली एक मी बघताक्षणी ओळखली. दिवाळीनंतर ती नवी बसवली तेव्हा मी बॉनेट उघडून तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, त्याच्या दोन रेघा अजून तशाच होत्या. काल रात्री 'दुखावलेली' म्हणून स्कूटरवरून गेलेली तीच. मी सरळ आत गेले आणि मल्टिमीटरच्या दोन्ही सुया तिच्यावर टेकवल्या.

"बारा पॉइंट सात. ही दुखावलेली बॅटरी आहे होय रे काशीराम? ही आता कुणाला विकणार आहेस?"

"तसं नाही माउली, ती जरा..."

"आणि बाप्पा तिथेच का चिकटवलास? अख्खा डॅशबोर्ड मोकळा होता."

त्यानं हातातली उदबत्ती खोचून ठेवली. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तो दिवा पेटला की गिऱ्हाईक उगाच घाबरतं. डायनामोचं काम काढायला लागलं तर गाडी दोन दिवस अडकते, मग लोक माझ्यावरच डाफरतात. बॅटरी बदलली की गाडी लगेच चालू. सगळेच करतात हो. बाकीचे काळी टेप लावतात. मी निदान देव लावतो."

"निदान?" मी म्हटलं.

"श्रद्धेचा विषय आहे माउली. देव दिसला की माणसाला बरं वाटतं."

"श्रद्धेचा विषय आहे म्हणूनच मी इथे उभी आहे! काळी टेप लावली असतीस ना, तर ह्यांनी पहिल्याच दिवशी उपटून काढली असती. टेपेला कुणी नमस्कार करत नाही. देव लावलास की कुणी हात लावणार नाही, हे तुला पक्कं माहीत होतं. आमच्या भक्तीवर तू धंदा चालवलास. देवाला तू खोटं झाकायला बसवलंस, काशीराम. हायवेलगत अंधारात गाडी बंद पडली आमची. मागून ट्रक आला असता तर? ते माझ्या नशिबात होतं म्हणून झालं, असंही सांगितलं असतंस देवळात!"

समोरच्या वड्याच्या गाडीवरची माणसं बघायला लागली. हे माझ्या कोपराला हात लावत म्हणाले, "अगं, हळू." मी हात झटकला.

"आणि वर मला सांगतोस टेप लावू नकोस? दर गुरुवारी तू माझ्यापासून चार हातांवर उभा राहतोस. बुवा सांगत असतात की बाबांनो, जे दिसतं ते नीट बघा, झाकू नका, आणि तू तिकडे झांज वाजवतोस! तुझे कान काय झांजेच्या आवाजानं बंद झालेत? कीर्तनाला नाव ठेवायच्या आधी तुझी जीभ अडखळली कशी नाही?"

काशीरामनं मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं तो उलट बोलेल. तो उलट बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं गल्ल्याशेजारचा खण उघडला, त्यातून स्टिकरचा कागद काढला, पाच-सहा गणपती शिल्लक असलेला, आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

"हे न्या."

"नेईनच. आणि ज्यांच्या गाडीत लावलेस त्यांना फोन कर. आज. एकेकाला सांग की तिथे काय आहे. आणि ही आमची बॅटरी परत आमच्या गाडीत बसव, तुझी तू ठेव."

"गुरुवारी येऊ नको म्हणता का देवळात?"

हे त्यानं अगदी पडलेल्या आवाजात विचारलं. "देऊळ माझ्या मालकीचं नाही," मी म्हटलं. "ये. पण फोन करून ये. न करता आलास, तर मी भर कीर्तनात उठेन. मी कशी उठते ते आज बघितलंसच."

मग आम्ही गाडी भांडुपला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. काय तपासायचं ते मीच सांगितलं. डायनामो उघडला तर कार्बन नखाएवढे उरले होते. ते बदलले, विजेचा दाब आवरणारा कट-आउट बदलला, पुन्हा मीटर लावला. चौदा पॉइंट एक. लाल दिवा चावीबरोबर पेटला आणि इंजिनबरोबर विझला. ह्यांनी ते तीनदा करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी माझी चावी आणून टेबलावर, माझ्या ताटाशेजारी ठेवली. आणि हात धुवायला निघाले.

"अशी नको," मी म्हटलं.

"मग कशी?"

"पार्किंगमध्ये. माणसांत घेतलीत, माणसांत द्या."

"वनमाला, लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं होतं ते म्हणून झालंय त्यांचं. आता तुमची पाळी."

रेवती ताटं उचलता उचलता थांबली. श्रेयसनं मीटिंग म्यूट केली, मी पहिल्यांदाच ते बघितलं. आम्ही सगळेच खाली गेलो. राजेश त्या दिवशी घरीच होता, तो वरच्या कठड्याशी येऊन उभा राहिला. वॉचमन खुर्चीवरून उठला. ह्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि पुटपुटले, "बॅटरी कीर्तनानं उतरली नव्हती."

"वरपर्यंत गेलं नाही," मी म्हटलं.

ह्यांनी घसा खाकरला. क्लेम नाकारताना लावायचे तसा ऑफिसातला आवाज लावला आणि सगळ्या विंगांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डायनामो खराब होता! कीर्तनाचा काही दोष नव्हता! चूक माझी!"

बी विंगची एक खिडकी उघडली. वॉचमननं उगाचच सलाम ठोकला.

"म्हणजे काकू, आता पुन्हा रोज का?" राजेशनं वरून विचारलं.

"रोज," मी म्हटलं. गाडीत बसले, पेनड्राइव्ह लावला, आणि चारही काचा पूर्ण खाली केल्या.